जनतेच्या पैशाचे राखणदार

घरची खरेदी आणि सरकारची खरेदी यांत फरक कोणता, असे कोणी विचारले तर बहुतेक जण रकमेकडे बोट दाखवतील. आमच्या मते खरा फरक रकमेचा नाही. चतुर्थीच्या आधी गृहिणी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माटोळीचे सामान घ्यावयास निघते, तेव्हा पैसा तिच्या घरचा असतो, पारख तिची असते, आणि नासके फळ पिशवीतून निघाले तर बोलणीही तिलाच खावी लागतात. पैसा देणारा, वस्तू निवडणारा आणि वस्तू वापरणारा अशी तिन्ही माणसे तेथे एकाच छपराखाली नांदतात. सरकारी खरेदीत ही तिघे तीन दिशांना असतात. पैसा देतो तो कर भरणारा नागरिक. वस्तू निवडतो तो पणजीच्या कार्यालयातला अधिकारी. आणि ती वापरतो पार्से गावच्या शाळेत तिसरीत शिकणारा मुलगा. तिघांची कधी गाठ पडत नाही. त्यांच्यामधले हे अंतर कागदाने आणि विवेकाने भरून काढणे, हे सरकारी खरेदी पाहणाऱ्याचे काम होय.

या कामाला अलीकडे ‘खरेदी विश्लेषक’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. आपल्याकडे दारावर अशी पाटी क्वचितच आढळते. लेखाधिकारी, भांडारपाल, कनिष्ठ अभियंता, मुख्य कारकून अशा जुन्याच हुद्द्यांची माणसे हे काम करीत असतात. त्यांच्यापैकी जो अनुभवाने वर चढतो त्याच्यावर दुहेरी भार येतो : इतरांनी तयार केलेल्या फायली बारकाईने तपासणे आणि नव्याने आलेल्यांना हे काम शिकविणे. या दोन्ही गोष्टींशी आमचा दीर्घकाळ निकट संबंध आला. वर्तमानपत्रांत सरकारी खरेदीचे नाव येते ते बहुधा घोटाळ्याच्या निमित्ताने. ज्या हजारो फायलींत घोटाळा होत नाही, त्या तशा का राहतात, हे मात्र कोणी सांगत नाही. ते सांगण्याचा येथे प्रयत्न आहे.

गाव लहान, खरेदी मोठी

पार्से हे गाव आम्ही मुद्दाम डोळ्यांसमोर ठेवले आहे. गोव्याच्या उत्तर टोकाला असलेल्या पेडणे महालातले, शापोरा नदीच्या उत्तरेकडचे हे गाव. एका बाजूला आगरवाडा आणि त्याची मिठागरे, दुसऱ्या बाजूला तुये. गावात श्रीभगवतीचे देवस्थान. पेडणे महाल १७८८ साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेला आणि नव्या काबिजादीत मोडू लागला. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि १९८७ साली घटक राज्य बनला. एवढ्या काळात राज्यकर्ते बदलले, कागदांवरची भाषा बदलली. परंतु गावाला जे लागते ते आणून देण्याचे काम कोणाला चुकले नाही.

गावाला काय लागते? शाळेची बाके, रस्त्याच्या कडेचे दिवे, नळाच्या वाहिन्या, जवळच्या आरोग्य केंद्रातली औषधे, पावसाळ्यापूर्वी बुजवावयाचे रस्त्यावरचे खड्डे, पंचायतीच्या कार्यालयातली कपाटे आणि संगणक. यांतली प्रत्येक वस्तू कोणीतरी मागितलेली, कोणीतरी मंजूर केलेली, कोणीतरी विकत घेतलेली असते. प्रगत राष्ट्रांत सरकारी खरेदीचा आकडा राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे आठव्या हिश्श्याइतका भरतो. तेव्हा हा विषय कारकुनीचा म्हणून बाजूला सारण्याजोगा खचित नव्हे.

जुनी परंपरा

राजद्रव्य हाताळणाऱ्यावर नजर हवी, हा विचार नवा नाही. कौटिल्याने आपल्या ‘अर्थशास्त्रा’च्या दुसऱ्या अधिकरणात अपहाराचे चाळीस प्रकार नोंदवून ठेवले आहेत. शिवकालात गडाचा कारभार एका हाती नसे. हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी असत. हवालदाराकडे किल्ल्या आणि हुकूम, सबनिसाकडे हजेरी व हिशेब, कारखानिसाकडे धान्य आणि सामानसुमान. मागणारा, लिहिणारा आणि ठेवणारा वेगवेगळे ठेवावेत, हे आजच्या प्रशिक्षणवर्गात पहिल्याच दिवशी सांगितले जाणारे तत्त्व आपल्या गडांवर साडेतीनशे वर्षांपूर्वी पाळले जात होते. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आमच्या वाचकांत फडणीस, पोतनीस, सबनीस, कारखानीस ही आडनावे आजही आहेत. ती हुद्द्यांवरून आली, आणि त्या हुद्द्यांमागे हिशेबाची एक शिस्त होती.

गोव्याला तर उघड्यावर भाव ठरविण्याची सवय फार जुनी. तिसवाडीतल्या गावकऱ्यांच्या रूढी पोर्तुगिजांनी १५२६ मध्ये लिहून काढल्या. सामाईक शेते, मानशीतली मासेमारी यांचा हक्क सर्वांसमक्ष ‘पावणी’ करून देण्याची पद्धत गोमंतकीयांच्या अंगवळणी पडलेली आहे. पावणीत जो अधिक बोली लावील त्याला हक्क मिळतो. निविदेत जो कमी भावात योग्य वस्तू देईल त्याला काम मिळते. दिशा उलटी असली तरी मर्म एकच : भाव चार भिंतींच्या आड ठरू नये.

इंग्रजी अमलात हिंदुस्थान सरकारचे पुष्कळसे सामान लंडनहून खरेदी होत असे. त्यासाठी १८६० पासून तेथे स्वतंत्र भांडारखाते होते. देशातल्या देशात खरेदी व्हावी म्हणून १९२२ साली ‘इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट’ स्थापन झाले. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय आले. खर्चाचे विखुरलेले आदेश एकत्र करून सामान्य वित्तीय नियम १९४७ साली प्रथम निघाले. पुढे १९६३, २००५ आणि २०१७ मध्ये ते नव्याने बांधण्यात आले. ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्र सरकारची ‘जेम’ ही ई-बाजारपेठ सुरू झाली, आणि ऑक्टोबर २०१७ च्या अखेरीस ते जुने महासंचालनालय बंद झाले.

या इतिहासात एक कटू धडाही आहे. १९४८ साली सैन्यासाठी ब्रिटनमधून जीपगाड्या घेण्याचा सुमारे ८० लाख रुपयांचा करार झाला. पैशाचा मोठा भाग आगाऊ दिला गेला. गाड्या आल्या त्या १५५, आणि त्याही वापरण्याच्या लायकीच्या नव्हत्या. स्वतंत्र भारतातला खरेदीचा हा पहिला गाजलेला घोटाळा. तपासणीआधी पैसा हातचा गेला की पुढे उरतो तो पत्रव्यवहार, हे नवशिक्यांना समजावण्यास याहून बोलके उदाहरण नाही.

चाळीस बाकांची गोष्ट

नियमांचे क्रमांक पाठ करून हे काम येत नाही. म्हणून वर्गात आम्ही एक काल्पनिक फाईल घेतो आणि ती शेवटपर्यंत चालवतो. समजा, पार्सेच्या शाळेला चाळीस बाके हवी आहेत. बाजारात एका बाकाचा भाव साडेचार हजार रुपये. म्हणजे एकूण खर्च १ लाख ८० हजार.

पहिला प्रश्न आम्ही विचारतो तो भावाचा नव्हे. बाके चाळीसच का? पटावर मुले किती? जुनी बाके किती, त्यांतली दुरुस्त होण्याजोगी किती? हे प्रश्न ऐकून वर्गात नेहमी थोडे हसू उमटते. कारण पुष्कळ मागणीपत्रे मागच्या वर्षीच्या मागणीपत्राची नक्कल असतात, हे सर्वांनाच ठाऊक असते. सुताराने दहा बाके सांधून दिली तर तीसच घ्यावी लागतील. भावावर आठ दिवस घासाघीस करून जे वाचणार नाही ते या एका चौकशीने वाचते.

दुसरा प्रश्न वस्तूच्या तपशिलाचा. ‘उत्तम प्रतीचे मजबूत बाक’ असे लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. पार्से समुद्रापासून दूर नाही; हवा खारी आहे. लोखंडी पायांना गंजरोधक लेप नसेल तर ते लवकर खाल्ले जातील. पावसाळ्यात दमट वर्गात हलका प्लायवूड फुगेल. कच्च्या लाकडाला वाळवी लागेल. तिसरीच्या मुलाचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. तेव्हा उंची किती, हेही लिहिले पाहिजे. मात्र हे लिहिताना एकाच कारखान्याचे बाक डोळ्यांपुढे ठेवून, त्याचीच मापे उतरवून काढली, तर स्पर्धा कागदावर राहते आणि निकाल आधीच लागतो. वस्तूचे काम लिहावे, दुकानदाराचे नाव लिहू नये. आणि नाव न लिहिता ते सुचवूही नये. भारतीय मानकांचा आधार घेतला तर ही दोन्ही टोके टाळता येतात.

तिसरा टप्पा मोहाचा. २०१७ चे केंद्रीय नियम निघाले तेव्हा पंचवीस हजार रुपयांपर्यंतची वस्तू दरपत्रकाशिवाय घेता येत होती. त्यापुढे अडीच लाखांपर्यंत स्थानिक खरेदी समिती. पंचवीस लाखांपर्यंत मर्यादित निविदा. त्याहून मोठ्या रकमेला जाहीर निविदा. या मर्यादा काळानुसार वाढत जातात, आणि राज्ये आपापल्या आदेशांनी त्या ठरवितात. पायऱ्यांचा क्रम मात्र सगळीकडे असाच असतो. आता पाच बाकांची किंमत होते २२ हजार ५००. म्हणजे एकेका आठवड्याला पाच-पाच बाके अशा आठ मागण्या काढल्या, की समितीही नको आणि निविदाही नको! आठही कागद वेगवेगळे पाहिले तर निर्दोष. एकत्र मांडले तर उघड पळवाट. मागणीचे असे तुकडे करण्यास नियमांची स्पष्ट मनाई आहे. विश्लेषकाचे काम येथे सुरू होते. तो एक कागद वाचीत नाही, वर्षभराचे कागद शेजारी शेजारी ठेवून वाचतो.

चौथा टप्पा दरपत्रकांचा. तीन दुकानदारांची तीन दरपत्रके आली : ४,५००, ४,७२५ आणि ४,९५०. दिसावयास स्पर्धा झाली. परंतु दुसरा भाव पहिल्याहून नेमका पाच टक्के अधिक आहे आणि तिसरा नेमका दहा टक्के. तिन्ही कागदांवर एकाच शब्दाचे शुद्धलेखन सारखेच चुकले आहे, मजकुराची मांडणीही सारखीच. यावरून लगेच आरोप करू नये. संशय म्हणजे पुरावा नव्हे. परंतु थांबावे, बाजारात स्वतः चौकशी करावी, वरिष्ठांस लेखी कळवावे. संगनमताने निविदा भरणे हा २००२ च्या स्पर्धा कायद्यान्वये निषिद्ध प्रकार आहे, आणि तो उघडकीस येतो तो बहुधा असल्या क्षुल्लक खुणांवरूनच.

मोठ्या खरेदीत दोन लिफाफ्यांची पद्धत असते. तांत्रिक लिफाफा आधी उघडावयाचा. वस्तू अटींत बसली तरच भावाचा लिफाफा फोडावयाचा. बोली लावून मागाहून माघार घेणाऱ्यास आळा बसावा म्हणून अंदाजित किमतीच्या दोन ते पाच टक्के बयाणा रक्कम घेतली जाते. जाहीर निविदेस साधारणपणे निदान तीन आठवड्यांची मुदत द्यावी लागते. ती ‘अत्यंत तातडी’ म्हणून आठवड्यावर आणली, की दूरच्या पुरवठादाराला वेळ पुरत नाही आणि आधीपासून खबर असलेल्याचे फावते. तातडीचा शेरा दिसला की ती तातडी कोठून उद्भवली, हे विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते.

स्वस्त कशाला म्हणावे?

सरकारी खरेदीवर सामान्य माणसाचा मोठा आक्षेप असा की, सरकार सर्वांत स्वस्त ते घेते आणि म्हणून सर्वांत वाईट ते घेते. आक्षेप अगदीच निराधार नाही. एक बाक ३,९०० रुपयांना मिळते आणि तीन वर्षे टिकते. दुसरे ४,८०० ला मिळते आणि आठ वर्षे टिकते. पहिल्याचा वार्षिक खर्च १,३०० रुपये, दुसऱ्याचा ६००. म्हणजे स्वस्त बाक दुपटीहून महाग!

मग अधिकारी दुसरे बाक का घेत नाही? कारण लिफाफे उघडल्यानंतर त्याला तसे करता येत नाही. निविदेत टिकाऊपणाची अट नसेल तर दोन्ही बाके नियमाच्या दृष्टीने सारखीच योग्य, आणि मग कमी भावाचाच विजय. मागाहून ‘हे अधिक चांगले दिसते’ म्हणून महाग बाक घेतले तर तो पक्षपात ठरेल, आणि तो तसा ठरलाच पाहिजे. नाहीतर ‘चांगले दिसते’ या शब्दांखाली काय काय खपविले जाईल याची कल्पनाच केलेली बरी. उपाय आहे, परंतु तो आरंभीच करावयाचा असतो : लाकडाची जात, लेपाची जाडी, हमीची वर्षे, दुरुस्तीची जबाबदारी ही सारी अटींत आधी लिहिली पाहिजे. खरेदी निविदा उघडण्याच्या दिवशी होत नसते. गरज ज्या दिवशी कागदावर उतरते त्या दिवशी ती होऊन गेलेली असते. आमच्या साऱ्या शिकवणीचे सार एवढेच आहे.

शिकविणे म्हणजे काय?

गोव्यात शासकीय कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी जुन्या गोव्याजवळ एला येथे लोकप्रशासन व ग्रामीण विकास संस्था आहे. महाराष्ट्रात पुण्याची यशदा आहे. फरीदाबादला १९९३ साली निघालेली राष्ट्रीय वित्तीय व्यवस्थापन संस्था आहे. २०२० पासून तिला अरुण जेटली यांचे नाव देण्यात आले. त्याच वर्षी केंद्राने ‘कर्मयोगी’ योजना हाती घेतली आणि घरबसल्या संगणकावर धडे मिळण्याची सोय झाली. या सोयींचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु प्रौढ माणसाला शिकविणे हे मुलांना शिकविण्याहून वेगळे आहे. वीस वर्षे टेबल सांभाळलेल्या मुख्य कारकुनास नियम ठाऊक नसतात असे नाही. नियमाने चालावे तर काम अडते आणि काम करावे तर नियम आडवा येतो, असा त्याचा पक्का समज झालेला असतो. त्या समजाला हात घालावयाचा तर व्याख्यान उपयोगी पडत नाही. खरी फाईल समोर ठेवून, ‘येथे तुम्ही काय केले असते?’ असे विचारावे लागते.

एका वर्गात एका तरुण लेखनिक मुलीने उभे राहून विचारले, “सर, सगळे नियम पाळले, तरी पाच वर्षांनी चौकशी लागली तर? त्या वेळी साहेब बदलून गेलेले असतात. सही माझी असते.” वर्ग एकदम शांत झाला. प्रत्येकाच्या मनातले ती बोलली होती. नोकरी म्हणजे एका घराचा आधार. धाकट्या भावंडांचे शिक्षण, आईवडिलांचे औषधपाणी त्यावर चालते. तेथे नुसते ‘सत्याचा जय होतो’ असे सांगून भागत नाही.

आम्ही तिला सांगितले ते असे. निर्णय ज्या दिवशी घेतला त्याच दिवशी त्याचे कारण टिपणीत लिहा. कोणते पर्याय होते, त्यांतला हाच का निवडला, त्या दिवशी बाजारभाव काय होता, कोणाशी विचारविनिमय केला, हे चार ओळींत नोंदवा. वरिष्ठांनी तोंडी आदेश दिला तर नम्रपणे त्यांच्या नावे लिहून तो पुष्टीसाठी वर पाठवा. मतभेद असेल तर तो फाईलवर सभ्य शब्दांत नोंदवा आणि मग आदेश पाळा. पाच वर्षांनी येणारा लेखापरीक्षक तुमचे मन वाचू शकत नाही. त्याला फाईलच वाचावयाची असते. कायद्यालाही हा भेद उशिरा का होईना उमगला. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा. त्यातल्या एका कलमाने, सार्वजनिक हिताशिवाय दुसऱ्या कोणाचा आर्थिक लाभ झाला, एवढ्यावरून अप्रामाणिक हेतू नसताही अधिकारी गुन्हेगार ठरू शकत असे. २०१८ च्या दुरुस्तीने ते कलम गेले. प्रामाणिक चूक आणि लबाडी यांत कायद्याने रेषा ओढली. ती रेषा आपल्या फाईलवर स्पष्ट दिसेल असे पाहणे हे आपल्या हाती आहे.

सरकारी खरेदीला दोन रोग जडतात : लोभ आणि भीती. लोभाची चर्चा सर्वत्र होते. भीतीची होत नाही, आणि तिने होणारे नुकसान कोणत्याही अहवालात दिसत नाही. सही करावयास कोणी धजत नाही म्हणून औषधे महिनाभर उशिरा येतात. फाईल शंका काढीत वर-खाली फिरते. शेवटी तातडी उद्भवते आणि मग जे टाळावयाचे तेच घडते. लोभी माणसाला शिक्षणाने सुधारता येईलच असे नाही. त्याला आळा घालावयास दक्षता खाते आहे. भ्यालेल्या प्रामाणिक माणसाला मात्र शिक्षणाने निश्चित धीर देता येतो. प्रशिक्षकाचे खरे गिऱ्हाईक तो आहे.

मार्च आणि मृगाचा पाऊस

शेतकऱ्याला पेरणीचा काळ जपावा लागतो, तसा खरेदी करणाऱ्यालाही. वर्षाची मंजूर रक्कम ३१ मार्चला संपते म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळीकडे खरेदीची झुंबड उडते. वर्षअखेरीची ही घाई म्हणजे आर्थिक औचित्याचा भंग होय, असे वित्तीय नियमांतच म्हटले आहे; तरीही ती उडतेच. गोव्यात जूनच्या आरंभी पाऊस धरतो. रस्त्याच्या डांबरीकरणाचा कार्यादेश मेच्या मध्यावर निघाला तर डांबर आणि पाऊस एकाच आठवड्यात पडणार, आणि त्याचे फळ गणपतीच्या दिवसांत गावकऱ्यांनी खड्ड्यांतून चालत भोगावयाचे. यावर उपाय एकच. पावसाळ्यातच, जेव्हा बाहेरची कामे थांबलेली असतात, पुढच्या वर्षाची गरज लिहून काढावी. दिवाळीपर्यंत अंदाजपत्रक आणि तपशील तयार ठेवावेत. नव्या वर्षाच्या आरंभी निविदा काढावी. कॅलेंडर पाहून काम करणे ही वरिष्ठ विश्लेषकाची अर्धी विद्या आहे.

यंत्र काय करते, माणूस काय करतो

संगणकाने पुष्कळ गोष्टी सोप्या केल्या. दक्षिण कोरियाने २००२ सालीच साऱ्या सरकारी खरेदीसाठी एकच संगणकीय व्यवस्था उभारली. युक्रेनने ‘प्रोझोरो’ नावाची व्यवस्था आणली आणि ऑगस्ट २०१६ पासून ती सर्व सरकारी कार्यालयांना बंधनकारक केली. तेथे निविदेचा कागद कोणाही नागरिकाला पाहता येतो. आपल्याकडच्या ई-निविदांमुळेही निविदापेटीजवळ उभे राहून प्रतिस्पर्ध्याला दमदाटी करणारी मंडळी निष्प्रभ झाली, हा लाभ लहान नव्हे.

परंतु पार्सेच्या शाळेला तीस बाके हवीत की चाळीस, हे यंत्र सांगणार नाही. खाऱ्या हवेत कोणते लोखंड टिकेल, हे त्याला विचारले तरच ते सांगेल. बाके गाडीतून उतरली तेव्हा भांडारपालाने ती मोजली का, एखादे हलवून पाहिले का, साठा नोंदवहीत त्याच दिवशी लिहिली का, हे यंत्राला दिसत नाही. चुकीची गरज संगणकात भरली तर चुकीची वस्तू अधिक वेगाने येते, इतकेच.

गावाचे कर्तव्य

पेडणे महालात गावागावाला राखणदार असतो अशी श्रद्धा आहे. जनतेच्या पैशाचा राखणदार मात्र एकटा कार्यालयात बसलेला असून चालत नाही. गावानेही जागे राहावे लागते. केंद्राचा माहिती अधिकार कायदा २००५ चा; परंतु गोव्याने स्वतःचा तसा कायदा १९९७ सालीच केला होता. १९९४ च्या पंचायत राज कायद्याने ग्रामसभेला पंचायतीच्या कामांवर देखरेख करणाऱ्या समित्या नेमण्याची वाट मोकळी करून दिली. ही साधने वापरावयास वकील लागत नाही. ग्रामसभेत उभे राहून तीन प्रश्न विचारावेत : ही गरज कोणी आणि कशावरून ठरवली? वस्तू उतरवून घेताना कोणी तपासली? हमी किती वर्षांची आहे आणि ती संपण्यापूर्वी तक्रार कोणाकडे करावयाची? प्रश्न आवाज न चढवता विचारले तरी चालतात. उत्तर द्यावे लागणार आहे हे ठाऊक असले की कागद आपोआप नीट लिहिले जातात, आणि प्रामाणिक कर्मचाऱ्याला वरून येणाऱ्या दडपणास तोंड द्यावयास बळ मिळते.

आमच्या वाचक-कुटुंबांतली पुष्कळ मुले-मुली आज स्पर्धापरीक्षा देऊन सरकारी सेवेत शिरत आहेत. त्यांच्या वाट्याला कदाचित भांडाराचे किंवा खरेदीचे टेबल येईल. ‘तेथे सांभाळून राहा हो’ असे घरातली वडीलधारी माणसे काळजीपोटी सांगतात, आणि त्यात काही गैर नाही. परंतु सांभाळून राहणे म्हणजे सही टाळणे नव्हे. गरज स्वतः जाऊन पाहणे, ती नेमक्या शब्दांत लिहिणे, भाव उघड्यावर ठरू देणे, माल हाताने तपासून घेणे आणि कारण त्याच दिवशी टिपून ठेवणे, ही पाच कामे जो रोज करतो त्याला भिण्याचे फारसे कारण उरत नाही. आणि ती करून झाल्यावर, शेजारच्या टेबलावर नव्याने आलेल्या मुलाला जवळ बोलावून आपली फाईल दाखवावी. हे काम पुस्तकातून थोडे आणि माणसाकडून माणसाकडे पुष्कळ जाते.